कढई न चढलेली दिवाळी

आई किंवा वडील गेले की त्या घराला वर्षभर सण नाही, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पहिल्या दिवाळीत तेलाची कढई चुलीवर चढत नाही, दाराला तोरण लागत नाही, कंदील माळ्यावरून खाली येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तेवढा काळोख पुरेसा वाटतो. या घरातला सण बंद आहे, असे तो समजून चालतो. पण त्याच चार-पाच दिवसांत त्या घराच्या उंबऱ्याबाहेरच्या चपला पाहिल्या तर वेगळेच दिसते. आत्या आलेली असते, मामा-मामी येऊन बसलेले असतात, चुलत भावंडे मुक्कामाला असतात आणि ओट्यावर सात-आठ घरांचे डबे मांडलेले असतात. एका डब्यातली चकली भाजणीची, दुसऱ्यातली तांदळाची. एकीचे अनारसे जाळीदार, दुसरीचे जरा कडक. जिथे काहीच तळलेले नाही, तिथेच फराळाच्या सगळ्यात जास्त तऱ्हा जमलेल्या असतात. 'सण नाही' हे शब्द या चित्राच्या अर्ध्याच भागाला लागू पडतात. उरलेल्या अर्ध्याकडे नीट पाहिले तर कळते की सण थांबलेला नसतो, तो चालवण्याचे काम त्या घराच्या हातून नातलगांनी काढून घेतलेले असते. आणि दिवाळीचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट म्हणावी लागते: गेलेल्या माणसाची आठवण या सणात बाहेरून शिरलेली नाही. ती त्याच्या बांधणीतच आहे.

आधी वर्षाचा हिशेब पाहू. सुतक दहा दिवसांचे. दहावा, अकरावा, बारावा झाला, तेराव्याला किंवा चौदाव्याला गोडाचे जेवण झाले, नातलगांनी टोपी-उपरणे, लुगडे आणून दुखवटा दिला की घर व्यवहाराला मोकळे होते. मग वर्ष कशासाठी? त्याचे उत्तर सपिंडीकरण या विधीत आहे. गेलेला माणूस लगेच पितर होत नाही, अशी जुनी कल्पना आहे. तो मधल्या अवस्थेत असतो. त्याच्या नावाच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळले की तो आपल्या पूर्वजांच्या पंक्तीला बसतो. हा विधी मुळात वर्षाअखेरचा. आयुष्याचा भरवसा नाही, कुळाचार वेगवेगळे आहेत, अशी कारणे देऊन निबंधकारांनी तो बाराव्या दिवशी करायला मोकळीक दिली आणि तीच आज रूढ आहे. विधी अलीकडे आला, पण मासिक श्राद्धे आणि वर्षश्राद्ध जागच्या जागी राहिले, त्यामुळे मनातले वर्षही राहिले. या मुदतीत मला एक साधे शहाणपण दिसते. माणूस चैत्रात जावो की पौषात, वर्षश्राद्ध येईपर्यंत प्रत्येक सण त्याच्यावाचून एकदाच येऊन जातो. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. पहिला पाडवा, पहिली पंचमी, पहिला गणपती, पहिली दिवाळी. दुःखाची मुदत ठरवताना याहून नेमके माप सापडणे कठीण आहे.

मात्र ग्रंथांतले वर्ष आणि घरातले वर्ष एकसारखे नाही, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आईबापांच्या मृत्यूनंतर पहिल्या वर्षात काय वर्ज्य, याची चर्चा निबंधग्रंथांत आहे. तिचा भर कर्त्या मुलाच्या आचारावर आहे: त्याने कोणते मंगलकार्य करू नये, कोणत्या उपभोगापासून दूर राहावे. लोकाचाराचा भर मुलावर नाही, तो चुलीवर आहे. कढई चढवायची नाही. दिवाळीचे तळण म्हणजे काय होते ते आठवले म्हणजे या एका निषेधाचे वजन कळते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. भाजणी भाजून दळून आणायची. करंज्या लाटायला शेजारच्या बायका यायच्या आणि मग आपण त्यांच्याकडे जायचे. दोन-दोन दुपारी चूल विझायची नाही. हे सगळे आईच्या हाताखाली चालायचे, आणि तीच नसली तर पोरीसुनांना प्रत्येक डब्यापाशी तिची पद्धत आठवायची. त्या वर्षी हे काम करू नका, आम्ही करतो, असा या निषेधाचा दुसरा अर्थ आहे. मनाईच्या भाषेत सांगितलेली ती सवलत आहे. एरवी फराळाची देवाणघेवाण दुतर्फा असते, ताट जाते आणि ताट येते. या वर्षी मात्र ताटे एकाच दिशेने येतात, कारण परत पाठवायला घरात काही केलेलेच नसते. घेत राहणे एरवी संकोचाचे वाटते. रूढीने तो संकोच वर्षभरापुरता काढून टाकला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आपल्या पंचांगाने पितरांसाठी भाद्रपदाचा वद्य पक्ष मुद्दाम वेगळा काढून ठेवला आहे. कोकणात त्याला म्हाळ म्हणतात, भावकी जेवायला येते, आणि सर्वपित्री अमावास्येला सगळे आवरते. मेलेल्यांचे दिवस आधी, जिवंतांचे सण नंतर, अशी ही आखणी आहे. ती असताना दिवाळीच्या पाटावर बसून आई आठवणे ही त्या आखणीची मोडतोडच नव्हे काय? सणासुदीला डोळ्यांत पाणी आणू नये, असे घरातली वडीलधारी माणसे याच समजुतीने सांगत आली. पण जुने ग्रंथ या आखणीला दुजोरा देत नाहीत. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी काशीत 1612 मध्ये 'निर्णयसिंधु' पुरा केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला, आणि महाराष्ट्रात सणवारांचा निर्णय पुढे बराच काळ त्याच्याच आधारे झाला. या परंपरेतली दिवाळी वाचली की आपण तिचा अर्धा भाग विसरून गेलो आहोत हे ध्यानात येते. धनत्रयोदशीला घराबाहेर दिवा लागतो तो यमासाठी, दक्षिणेकडे तोंड करून. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण आहे. तर्पण हे एरवी वडील गेलेल्या माणसाचे काम, पण यमतर्पण वडील हयात असलेल्यानेही करावे, असा अपवाद मुद्दाम नोंदवला आहे. अमावास्येला संध्याकाळी लक्ष्मीपूजन, त्याआधी दुपारी पार्वण श्राद्ध. आणि सूर्य तूळ राशीत असताना चतुर्दशी-अमावास्येच्या तिन्हीसांजेला हातात चुडी पेटवून पितरांना वाट दाखवायची, असे उल्कादानाचे विधान आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या सगळ्याची दखल घेतली आहे.

उल्कादानाबरोबर जी प्रार्थना सांगितली आहे तिचा आशय या आक्षेपाचे मूळच उपटून टाकतो. महालयासाठी यमलोक सोडून जे इकडे आले आहेत, त्यांना या उजेडात आपली वाट दिसो आणि ते सुखाने परत जावोत, असे तीत मागितले आहे. म्हणजे पितर सर्वपित्रीला परतलेलेच नाहीत. ते महिनाभर घरात आहेत. नवरात्र त्यांनी पाहिले, दसऱ्याचे सोने पाहिले, कोजागरीचे दूध पाहिले, आणि दिवाळीच्या अमावास्येला, वर्षातल्या सगळ्यात उजळलेल्या रात्री, त्यांना निरोप दिला जातो आहे. दिव्यांच्या ओळीला लक्ष्मीच्या आगमनाचा अर्थ आहे, तसाच हा दुसराही अर्थ आहे, आणि तो पुसट झाला. आकाशदिव्याचेही असेच झाले. उंच काठीला टांगलेला तो दिवा वाट चुकू नये म्हणून होता. आज तो शोभेचा कंदील झाला. शोभेला माझी हरकत नाही. पण ज्या घरात नुकतेच कुणी गेले आहे त्या घराने कंदील लावायचा नाही, हा आजचा संकेत मूळ हेतूच्या उलट गेला आहे असे मला वाटते. वाट दाखवायचा दिवा सगळ्यात जास्त गरजेचा असेल तर तो त्याच घराला.

दिवाळीपुरतीच ही गोष्ट असती तर अपवाद म्हणून ती बाजूला ठेवता आली असती. पण आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, आजेपाडवा असतो. त्या दिवशी मुलीच्या मुलाने आईच्या वडिलांचे श्राद्ध करायचे. त्याचे स्वतःचे वडील हयात असले तरी चालते, किंबहुना तसेच अपेक्षित आहे. नातू तीन वर्षांचा झालेला असावा, एवढीच अट. शास्त्राने लग्न झालेल्या मुलीला आईबापांचे सुतक तीनच दिवसांचे दिले. गोत्र बदलले, घर बदलले, म्हणून तिच्या दुःखाची मुदतही कमी केली. या अन्यायावर आजेपाडवा हा एक अपुरा, पण खरा तोडगा आहे. ती स्वतः काही करू शकत नाही, पण तिच्या कडेवरच्या मुलाच्या हातून तिच्या बापाला तिच्या सासरच्या अंगणात पाणी मिळते. तेही सणाच्या पहिल्या दिवशी, घटात धान्य पेरले जात असताना.

आणि खानदेशातली आखाजी तर या साऱ्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. वैशाख शुद्ध तृतीयेला, ऐन उन्हाळ्यात, जळगाव-धुळ्याकडच्या लेकी माहेरी येतात. सासुरवाशिणींना दिवाळीइतकीच, कित्येकींना दिवाळीहून जास्त, या सणाची ओढ. झाडांना झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. शेतीकामाला वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या सालदाराचे सालही याच दिवशी संपते आणि नवे सुरू होते, म्हणून गडीमाणसेही मोकळी असतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता केली ती या आनंदामुळेच. आणि त्याच सकाळी, त्याच घरात, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरली जाते. मातीची नवी घागर, तिच्यावर लहान मातीचे भांडे, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य. चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास पडतो आणि मग पंगत बसते. ज्या बापाने मागच्या आखाजीला मुऱ्हाळी पाठवून लेकीला आणवले, त्याची घागर ती या आखाजीला भरलेली पाहते, आणि दुपारी त्याच अंगणातल्या झोक्यावर बसते. शोक सकाळचा आणि सण दुपारचा अशी वाटणी इथे कुणी केलेली नाही. तिथली बाई गाता गाता रडते आणि तिला कुणी गप्प करत नाही. ज्यांनी ही रीत घडवली त्यांनी पोथ्या वाचल्या नव्हत्या. उन्हाळ्यात तहान लागते, तर गेलेल्यालाही लागत असेल, एवढाच त्यांचा तर्क होता. वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, तेही बहुधा दिवाळीच्या मागेपुढेच. शेजाऱ्यांच्या या दोन उजेडांत फारसे अंतर नाही.

मराठी दिवाळीत पहिल्या वर्षाचे दुःख इतके टोकदार का होते, याचेही कारण तिच्या मांडणीत आहे. हा सण मोघम आनंदाचा नाही. त्यातला प्रत्येक दिवस एकेका नात्याला नेमून दिलेला आहे. चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावायचे ते आईने. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचे. बिजेला बहिणीने भावाला. त्यामुळे पोकळी सगळ्या सणावर सारखी पसरत नाही, ती नेमक्या एका वेळी, नेमक्या एका पाटावर येऊन बसते. आई गेली असेल तर ती पहाटे चार वाजता, उटण्याच्या वाटीपाशी. वडील गेले असतील तर पाडव्याच्या संध्याकाळी, आणि ती मुलांपेक्षा आईला जास्त. नातलगांचे त्या घरात असणे इथे कामाला येते. त्या पहाटे कुणीतरी मावशी उठून तेलाची वाटी हातात घेते. मुलगा पन्नाशीचा असला तरी घेते. आईची जागा भरली, असे कुणी म्हणत नाही, पण पाट रिकामा राहत नाही. आणि पाच दिवसांच्या शेवटी यम स्वतः बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो. धनत्रयोदशीला दाराबाहेर ज्याच्यासाठी दिवा ठेवला तोच बिजेला पाटावर येऊन बसतो. मृत्यूला इतक्या घरगुती रीतीने वागवणारा सण दुःखाला दाराबाहेर ठेवायला सांगेल, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठोर आहे आणि त्यातले बरेचसे मान्य करावे लागते. मी नातलगांच्या मायेविषयी लिहितो आहे, पण याच नातलगांनी वडील गेल्यावर आईचे काय केले? तिचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, वरच्या मानलेल्या जातींत केस काढले, आणि हळदीकुंकवापासून ओवाळण्यापर्यंत सगळ्या मंगल प्रसंगी तिला आतल्या खोलीत बसवले. मुलांचे सणाविनाचे वर्ष संपत होते, तिचे मरेपर्यंत संपत नव्हते. याचा इतिहास काळा आहे आणि तो झाकायचे कारण नाही. म्हणूनच 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून विधवांच्या केसांना वस्तरा लावणार नाही असे म्हणवून घेतले, ही सामाजिक सुधारणेइतकीच सणांच्या इतिहासातलीही घटना आहे. आणि त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, 4 मे 2022 रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंदीचा ठराव करावा लागला, यावरून दुखणे किती खोल होते ते कळते. मात्र या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा वाटतो. डबे आणणारी रीत आणि कुंकू पुसणारी रीत यांची मुळे एक नाहीत. पहिली म्हणते, तुमचे दुःख आम्ही वाटून घेतो. दुसरी म्हणते, तुझे दुःख अशुभ आहे, ते आमच्यापासून लांब ठेव. दोन्ही एकाच घरात, एकाच तोंडून बोलल्या गेल्या म्हणून त्या एक होत नाहीत. दुसरी पुरती टाकून देता येते आणि तरी पहिलीला धक्का लागत नाही, उलट तिला खरा अर्थ येतो: आईला ओवाळणाऱ्यांच्या ओळीत उभे करणारे घर हेच डबे आणण्याच्या रीतीशी प्रामाणिक असते.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा. जुन्या माणसांनी हे विधी मृताच्या गतीसाठी केले, जिवंतांच्या सांत्वनासाठी नव्हे. आजच्या मनाची गरज तुम्ही कालच्या रूढीवर लादता आहात, असे तो म्हणेल. श्राद्ध, तर्पण, उल्कादान यांबाबत तो बरोबर आहे. तिथे देणे परलोकाला आहे, आणि तसे मानणाऱ्यांचा विश्वास खरा होता. पण फराळाच्या डब्याला मंत्र नाही, तिथी नाही, संकल्प नाही, दक्षिणाही नाही. तो मृताला पोहोचतो असे कुणी कधी म्हटलेले नाही. तो उघडउघड मागे राहिलेल्यांसाठी आहे. पुरोहिताच्या हातातल्या आचारात परलोकाची काळजी होती आणि बायकांच्या हातातल्या आचारात या लोकाची. दुसऱ्याची नोंद पोथीत झाली नाही, कारण पोथ्या लिहिणाऱ्यांच्या हातात झारा नव्हता. नोंद नाही म्हणून हेतू नव्हता असे समजणे हीच मला इतिहासाची चूक वाटते.

आता फराळ दुकानातून येतो, विमानाने परदेशीही जातो. परदेशातली मराठी मंडळी दिवाळी सोयीच्या शनिवारी-रविवारी साजरी करतात, त्यामुळे उटण्याची पहाट आणि पाडव्याची संध्याकाळ एकाच सभागृहात येतात आणि ज्याची त्याची पोकळी नेमकी कुठे बसायची ते ठरत नाही. शहरातल्या तीन माणसांच्या घरातून एक गेले तर राहिलेल्या दोघांकडे येणारी मावशी दुसऱ्या गावात असते. विकतचा डबा आणि हातचा डबा यांत माझ्या मते फार फरक नाही. फरक डबा कुरियरने येतो की माणूस घेऊन येतो, यात आहे, कारण फराळ हे येण्याचे निमित्त होते. 'सांत्वनाला आलो' म्हणणे जड जाते, 'चार लाडू आणलेत' म्हणणे सोपे. एवढ्यासाठी तरी कढई न चढवण्याची रीत टिकावी असे मला मनापासून वाटते. कंदील मात्र लावावा.

वर्षश्राद्ध झाले की पुढच्या दिवाळीला त्या घरात तेल तापते. पहिला घाणा चुकतो, मोहन कमी पडते, चकली तुटते, कारण अंदाज होता तो गेलेल्या हाताला. तरी डबे भरले जातात. मागच्या वर्षी कुणाकुणाकडून आले होते ते सुनेने लक्षात ठेवलेले असते. आणि सगळ्यांत आधी, अजून काहीच थंड झालेले नसताना, एक डबा त्या घरी निघतो, जिथे या वर्षी कढई चढलेली नाही.